टिपणं, कप्पे आणि कॅसॉबन

खूप दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगते. जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' ही कादंबरी मी गेले पाच महिने वाचतेय. वाचतेय म्हणण्यापेक्षा अभ्यास करतेय म्हणायला हवं, कारण आमच्या वाचनमंडळात (आम्ही सहा जणी, महिन्याचा दुसरा शनिवार, चहा आणि चिवडा) तिच्यावर बोलायची पाळी या वेळी माझी आहे. कादंबरी ८६ प्रकरणांची. शिवाय आधी एक प्रास्ताविक आणि शेवटी एक उपसंहार. डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात ती आठ भागांत निघाली, पण कथा त्याच्या चाळीसेक वर्षं आधीची आहे, १८२९ ते १८३२ मधली. इंग्लंडच्या मध्यभागातलं एक गाव आणि त्यातली माणसं. पुष्कळ माणसं! लग्नघरात पहिल्या दिवशी कोण कुणाचं कोण ते कळत नाही, तसं पहिली शंभर-दीडशे पानं होतं.

तेव्हा टिपणं काढणं आलंच. पुस्तक जाड, अक्षर बारीक, माझा चष्मा नवा. म्हणून टिपणं लॅपटॉपवर काढायची ठरवली आणि बसमध्ये वगैरे असताना फोनवर. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कादंबरी फुकट मिळते, ती उतरवून घेतली. म्हणजे शब्द शोधायला बरं. छापील प्रत वाचायची आणि संगणकातली हुडकायची, अशी वाटणी. पानांचे आकडे दोन्हीकडे जुळत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रकरणाचा आकडाच लिहिते. हे एक मी फार शहाणपणाचं केलं असं माझं मत आहे :-)

माझ्या भाचीने एक ॲप सुचवलं. त्यात प्रत्येक टिपण ही एक सुटी चिठ्ठी असते. तिला शेपट्या लावायच्या: 'विवाह', 'पैसा', 'विज्ञान', 'धर्म'. एका चिठ्ठीतून दुसरीत जाता येतं आणि मग सगळ्याचं मिळून एक चित्र दिसतं, ठिपके आणि रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं. दिसतं सुंदर. दोन महिन्यांत माझ्या चारशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या, जाळं दाट झालं. आणि हे चाललं असताना मी जे वाचत होते त्यात काय होतं? कॅसॉबन होता.

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅसॉबन हा पंचेचाळीशी ओलांडलेला, पैसेवाला धर्मोपदेशक. जगातल्या सगळ्या पुराणकथा एकाच मूळ सत्याच्या बिघडलेल्या आवृत्त्या आहेत, असं सिद्ध करणारा महाग्रंथ लिहायचाय त्याला. वर्षानुवर्षं तो टिपणं काढतोय. वह्यांच्या रांगा लागल्यात. ग्रंथाची सुरुवात मात्र नाही. अशा माणसाशी एकोणीस वर्षांची डोरोथिया स्वखुशीने लग्न करते, कारण तिला एका मोठ्या कामात हातभार लावायचाय.

दुसऱ्याच प्रकरणात एक गंमत आहे. डोरोथियाचे काका, मिस्टर ब्रुक, जेवताना कॅसॉबनला विचारतात की तुम्ही तुमचे कागद लावता कसे? तो म्हणतो, काही अंशी कप्प्यांत. त्यावर काका म्हणतात, छे, कप्प्यांचा उपयोग नाही, मी करून पाहिलंय, त्यात सगळं एकमेकांत मिसळतं आणि कागद पहिल्या अक्षराखाली गेला की शेवटच्या ते कळतच नाही. दीडशे वर्षांपूर्वीची ही तक्रार वाचून मी लॅपटॉपसमोर एकटीच हसले. कारण त्याच दिवशी मला एक टिपण सापडत नव्हतं.

ते टिपण होतं रोमच्या प्रकरणाचं. लग्नानंतर ही दोघं रोमला जातात. तिथे व्हॅटिकनच्या संग्रहालयात डोरोथिया एका पहुडलेल्या संगमरवरी स्त्रीपुतळ्याजवळ उभी असते. पुतळा ॲरियाडनीचा, पण त्या काळी त्याला क्लिओपात्रा म्हणत. याच्यावर मी काहीतरी बरं लिहिलं होतं, हे पक्कं आठवत होतं. 'ॲरियाडनी' म्हणून शोधलं तर काही नाही. तासभर गेला. मग उलगडा झाला. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली. त्याआधी सगळे 'अ' काढून त्याच्यावर चंद्र ठेवायचे. माझा फोन नवीन पद्धतीने लिहितो, लॅपटॉपवरचा कीबोर्ड जुन्या. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात! मराठीत टिपणं काढणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा. मी आता शोधायच्या शब्दात 'अ'ने सुरू होणारं अक्षर टाळते, नुसतं 'रियाडनी' टाकते. मिळतं.

असो. सापडलं ते टिपण वाचलं, आणि तिथून खरा विचार सुरू झाला. कारण त्याच्या आजूबाजूच्या चिठ्ठ्याही वाचल्या. एकीवर लिहिलं होतं: 'प्र. २०, विवाह आणि सत्ता, महत्त्वाचं'. बस. दुसरीवर: 'प्र. २०. रोममध्ये पाच आठवडे झालेत. डोरोथिया एकटी रडतेय. मग नवऱ्याला विचारते की एवढ्या वह्या झाल्या, आता त्यांतलं काय घ्यायचं ते ठरवून पुस्तक लिहायला कधी घेणार? मी सांगाल ते लिहून घेईन. तिला मदत करायचीय, आणि तो मनातून घायाळ होतो, कारण त्याने स्वतःला जे विचारायचं टाळलं तेच तिने विचारलं.' पहिली चिठ्ठी मी पुढे कधीतरी भाषण लिहीन तेव्हाच कामाची. भाषण झालं नाही तर तिला काही अर्थ नाही. दुसरी आत्ताही कुणाच्या हातात दिली तर त्याला काहीतरी मिळेल. दोन्ही एकाच शेपटीखाली, एकाच जाळ्यात, सारख्याच आकाराचे दोन ठिपके.

मला वाटतं, टिपणं कशी लावायची हा प्रश्न फार नंतरचा आहे. टिपण स्वतःच्या पायावर उभं आहे का, हा आधीचा. कॅसॉबनच्या वह्यांचं दुःख हे नाही की त्या नीट लावलेल्या नव्हत्या. तो तर बिचारा अनुक्रमणिका करण्यातच दिवस घालवतो. दुःख हे की त्यातली प्रत्येक नोंद त्या महाग्रंथाच्या भरवशावर उभी होती. ग्रंथ झाला तरच तिला किंमत. आणि ग्रंथ होणार नव्हता, कारण त्याचा मूळ सिद्धांतच कालबाह्य झाला होता. त्याचा नातलग विल लॅडिस्लॉ डोरोथियाला एकविसाव्या प्रकरणात सांगून टाकतो की या विषयात जर्मन पंडित केव्हाच पुढे निघून गेलेत, आणि कॅसॉबनला जर्मन येत नाही.

कादंबरीत संशोधन करणारे आणखी दोघं आहेत. एक तरुण डॉक्टर लिडगेट. पॅरिसला शिकून आलेला, हुशार, देखणा, थोडा गर्विष्ठ. शरीरातले सगळे पेशीजाल ज्यापासून झाले ते एक मूळ द्रव्य त्याला शोधायचंय. लेखिका तिथेच हळूच सांगते की त्याने प्रश्न जरासा वेगळ्या पद्धतीने मांडायला हवा होता. श्वानने प्राण्यांच्या शरीराची घडण पेशींची असल्याचं मांडलं ते १८३९ साली, म्हणजे कथेनंतर काही वर्षांनी. १८७१ चे वाचक ते जाणून होते, लिडगेट जाणू शकत नव्हता. हे वाचताना पोटात तुटतं. पुढे कर्ज, हौशी बायको, गावातलं राजकारण, आणि शेवटी त्याच्या नावावर राहतो तो संधिवाताच्या एका प्रकारावरचा एक प्रबंध. श्रीमंतांचा आजार.

दुसरा फेअरब्रदर. हाही धर्मोपदेशक, गरीब, आई-मावशी-बहीण असं कुटुंब सांभाळणारा, चार पैशांसाठी पत्ते खेळणारा. त्याला कीटकांचा नाद. सतराव्या प्रकरणात तो लिडगेटला आपले खण उघडून दाखवतो. त्याला विश्वाचं कोडं वगैरे सोडवायचं नाही. आपल्या या भागात कोणकोणते कीटक आहेत तेवढं त्याने जवळजवळ पूर्ण केलंय. लिडगेट सौजन्य म्हणून पाहतो, पण त्याचं लक्ष असतं एका बरणीतल्या विचित्र नमुन्याकडे. समीक्षेच्या पुस्तकांत फेअरब्रदरचे हे खण फारसे कुणी उघडत नाही. मला ते फार आवडले. का, ते सांगते. इथे आमचे घरचे लोकही वाचतात, त्यांनी जरा सरसावून बसावं.

आमचे आप्पा जाऊन दोन वर्षं झाली. निवृत्तीनंतर २००४ च्या सुमाराला त्यांनी एक जुना संगणक घेतला आणि अडुसष्टाव्या वर्षी टायपिंग शिकले. आमच्या गुहागर तालुक्यातल्या गावात, त्यांच्या आईच्या तोंडी असलेले शब्द ते लिहून ठेवत. आगरातले, शेतीतले, स्वयंपाकघरातले, घराच्या रचनेचे. गडगा, बेडं, पाखाडी, चुडत, पन्हळ, वायंगण, आगोट असे. एकसष्ट फायली आहेत आणि अकराशेच्या वर नोंदी. यातून पुस्तक करायचं असं ते म्हणत असत, प्रस्तावनेचे तीन मसुदेही आहेत. पुस्तक झालं नाही. आणि वर्षश्राद्धाला आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "तू एवढी वाचतेस, लिहितेस, तर दादाचं पुस्तक तेवढं पुरं कर." दादा (माझा) म्हणाला, "छापायचा खर्च मी करतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ताटं वाढायला उठले.

अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात कॅसॉबनची तब्येत ढासळलेली आहे. तो रात्री डोरोथियाला त्या वह्यांची अनुक्रमणिका वाचायला लावतो, जिथे सांगेन तिथे पेन्सिलने फुली मार म्हणतो. मग अंधारात तिच्याकडे वचन मागतो, की मी गेल्यावर माझ्या इच्छेप्रमाणे वागशील. काय इच्छा, ते सांगत नाही. ती समजते की हा ग्रंथ आपल्या गळ्यात येतोय. ती सकाळपर्यंतचा वेळ मागते. रात्रभर जागी. ज्या कामावर आपला विश्वास नाही त्यात उरलेलं आयुष्य घालवायचं, आणि तरी आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? सकाळी ती हो म्हणायलाच बागेत जाते आणि तो तिथल्या मांडवात टेबलावर डोकं ठेवून गेलेला असतो. ज्या पाचव्या भागात हे येतं त्या भागाचं नावच आहे 'मृताचा हात'. पुढे चोपन्नाव्या प्रकरणात ती त्याने आपल्यासाठी करून ठेवलेला तक्ता पाकिटात घालून बंद करते. पाकिटाच्या आत त्यालाच उद्देशून लिहिते की हे मला वापरता येत नाही. मेलेल्या माणसाला चिठ्ठी! मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आप्पा कॅसॉबनसारखे नव्हते, हे आधी सांगते, नाहीतर आत्याचा फोन येईल. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. पण आम्ही सगळ्यांनी त्यांच्या फायलींकडे 'अपुरं राहिलेलं पुस्तक' म्हणूनच पाहिलं, आणि म्हणून त्या दोन वर्षं कुणी उघडल्याच नाहीत. मी त्या उघडल्या मे महिन्यात, मिडलमार्चच्या नादात.

उघडल्या तेव्हा पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि चौकोन. त्या काळचा मराठी फाँट तो. त्यात मराठी अक्षराचं फक्त चित्र असायचं, आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर. फाँट नाही तर मराठी नाही. तो फाँट आता कुणाकडे नाही. नेटवर अशा मजकुराचं युनिकोड करून देणारी साधनं आहेत. त्यांतून ऐंशी टक्के गाडी पुढे सरकते आणि मग पहिल्या वेलांटीशी अडते. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करायची, दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचंही तसंच उलटसुलट. जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच्या गळ्यात. मग एकेक शब्द हाताने नीट करायचा.

हाताने नीट करताना प्रत्येक नोंद वाचावी लागली. तुम्हाला सांगते, फार नीट नोंदी आहेत. शब्द, अर्थ, कुणाच्या तोंडून ऐकला, कोणत्या साली, आणि एक वाक्य ज्यात तो शब्द सहज येतो. 'बेडं' याच्यापुढे लिहिलंय की अंगणाच्या वाटेवरचं आडव्या दांड्यांचं दार, गुरं आत येऊ नयेत म्हणून, आणि खाली वाक्य: बेडं उघडं टाकून आलास ना रे, वासरू पोफळीत शिरलं. हे वाक्य आजीचं आहे. 'रे' म्हणजे आप्पाच, वय वर्षं आठ-नऊ असावेत. या नोंदीला पुस्तकाची गरजच नाही. प्रस्तावना नको, सिद्धांत नको. प्रस्तावनेच्या तीन मसुद्यांत आप्पांनी कोकणी बोलींच्या उगमाविषयी पुष्कळ मोठी विधानं केलीत, त्यांतलं मला पटेल असं फार थोडं आहे. ते मी छापणार नाही. पण या अकराशे चिठ्ठ्या, एकेक सुटी, आपापल्या पायांवर उभ्या. फेअरब्रदरचे खण!

यातले कितीतरी शब्द दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात आहेत आणि काही त्याच्याही आधी मोल्सवर्थमध्ये. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. म्हणजे तिकडे कॅसॉबन आपल्या ग्रंथालयात झुरत होता त्याच वर्षांत इकडे हा साहेब आपल्या पंडितांना हाताशी धरून एकेक शब्द गोळा करून कोश छापूनही मोकळा झाला. दोन्ही कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, मी नोंद नीट करताना ते उघडे ठेवते. कोशात शब्द मिळतो. आजीचं वासरू मिळत नाही.

जॉर्ज एलियटचीही एक टिपणवही आहे, या कादंबरीसाठी केलेली. अमेरिकेत हार्वर्डच्या ग्रंथालयात आहे आणि १९५० साली छापून निघाली. तिला ती 'क्वारी' म्हणते, म्हणजे दगडाची खाण. अर्ध्या वहीत वैद्यकशास्त्राचे उतारे, ताप, पटकी, डॉक्टरांच्या परवान्यांची भांडणं. उरलेल्या अर्ध्यात तारखा. देशात काय केव्हा घडलं आणि तिच्या पात्रांच्या घरात काय केव्हा, यांचा मेळ. खाणीतून दगड काढायचा, घर बांधायचं, खाण तशीच सोडून द्यायची. तिला जमलं ते. तरी कॅसॉबन कुणावरून घेतला असं एकाने विचारलं तेव्हा तिने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं, अशी आठवण मायर्स नावाच्या तिच्या एका परिचिताने लिहून ठेवली आहे.

माझ्या स्वतःच्या चिठ्ठ्यांचं आता असं आहे. चारशेंतल्या दीडशे ठेवल्या, त्या आता साध्या मजकूर-फायलींत आहेत, प्रकरणाला एक फाईल. शेपट्या काढल्या. चिठ्ठीत कोण, कुठे, काय करतं ते आधी, माझं मत मागाहून. पुस्तक जवळ नसताना दुसऱ्या कुणाला कळेल का, एवढं पाहते. भाचीला वाईट वाटलं, पण तिच्या रसायनशास्त्राच्या अभ्यासाला ते जाळं खरंच उपयोगी पडतं, तिने ठेवावं. भाषण लिडगेटवर करणार होते, आता फेअरब्रदरवर करीन म्हणते. सहा जणींपैकी चौघींना तो आठवणार नाही.

आणि आत्या, दादा, वहिनी, तुमच्यासाठी. मी आप्पांचं पुस्तक पुरं करणार नाहीये. वर्षश्राद्धाला बोलले नव्हते, आता बोलते. ते लिहायचं तर त्यांची मतं माझ्या तोंडून बोलावी लागतील, आणि मला ते जमणार नाही. नोंदी मात्र सगळ्या नीट करतेय. साडेसातशे झाल्या. घरातल्या सगळ्यांना उघडता येईल अशा ठिकाणी ठेवीन. ज्याला जो शब्द हवा तो त्याने घ्यावा, वाक्य बदलू नये. दादा, छपाईचा खर्च वाचला, त्यातून आत्याला एक मोठ्या अक्षराचा फोन घेऊन दे.

सत्तावीस शब्द असे निघालेत की त्यांच्यापुढे आप्पांनी नुसता शब्द लिहिलाय आणि 'ताईला विचारणे'. ताई म्हणजे आत्याच. आत्या, यादी मोठ्या अक्षरात छापून काल पोस्टात टाकली आहे. रविवारी दुपारी फोन करते, चारनंतर, तुझी झोप झाली की.